‘आटला’ आणि ‘सिकुड गया’

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, लॅबोरेटरीत आयुष्य काढलंत, तेही दुबईत. तिथले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, फार जड नको." मी हो म्हणून बसलो आणि तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय. एका जागी बसून लिहिणं माझ्याच्याने होत नाही. पहिली दोन पानं ओट्यापाशी उभा राहून लिहिली आहेत, तेव्हा विस्कळीत वाटलं तर चालवून घ्या. गमती आहेत, नाही असं नाही. पण त्या सांगायच्या तर शौकतही सांगावा लागतो. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्याचा विषय निघाला की माझे पाय चालायला लागतात.

माझा धंदा सोपा. मी रक्त काढायचो. दुबईत अल मनखूलला एक खाजगी क्लिनिक होतं, खाली औषधांचं दुकान, वर दोन डॉक्टर आणि मागच्या खोलीत मी. मलेरिया, साखर, कावीळ, गरोदरपण. लोकांना वाटतं शीर डोळ्यांनी शोधतात. डोळे फसवतात, शीर बोटाने शोधायची असते. उन्हात बारा तास काम करून आलेल्या माणसाच्या अंगात पाणी नसतं, त्याची शीर दाबली तरी वर येत नाही. अशाला मी आधी दोन ग्लास पाणी पाजायचो, गावाकडची चौकशी करायचो आणि तो गावाबद्दल बोलायला लागला की सुई घालायचो. माझ्या हातची सुई दुखत नाही अशी ख्याती होती. ती मी अजूनही संधी मिळेल तिथे सांगतो.

आता दुसरी गोष्टही लिहून टाकतो. मी लग्न केलं नाही, कारण मला पुरुष आवडतात. संपादकबाईंना विचारलं, हे छापाल का? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "छापते, पण शुद्धलेखन नीट करा." बाई कामाच्या आहेत.

दुबईत आमच्यासारखे खूप होते. शिंपी, न्हावी, ऑफिसात फायली नेणारे, प्लंबर, एखादा अकाउंटंट. बहुतेकांची गावी लग्नं झालेली. इथे एका खोलीत आठ-आठ जण, आणि असलं काही उघड झालं तर तुरुंग. त्यात नव्वदच्या दशकात एड्सची भीती येऊन बसली. नियम असा होता की परदेशी माणसाला व्हिसा मिळताना आणि तीन वर्षांनी तो रिन्यू होताना सरकारी मेडिकल द्यावी लागे. रक्तात एचआयव्ही निघाला की माणूस ‘अनफिट’. त्याला तिथूनच वेगळं ठेवत आणि विमानात बसवून परत पाठवत. सामान आवरायला वेळ नाही, कुणाचा निरोप नाही. पुन्हा त्या देशात पाऊल ठेवायचं नाही. खाजगी लॅबमध्ये निघाला तरी लॅबने कळवलं पाहिजे असा कायदा. म्हणजे एखादा घाबरलेला पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, माझी टेस्ट करा," तर मी त्याला खुर्चीतून उठवून बाहेर काढायचो. जन्मभर रक्त काढून पोट भरलेल्या माणसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, की आपल्या माणसांचं रक्त काढायचं नाही.

एकदा एक इलेक्ट्रिशियन रडत आला. सातारचा होता. कंपनीने नवीन कार्ड दिलं होतं, त्यावर छापलेलं: बी पॉझिटिव्ह. त्याने दोन दिवस जेवण सोडलेलं, घरी शेवटचं पत्रही लिहिलेलं. मी त्याला रक्तगट म्हणजे काय ते समजावलं. तो डोळे पुसून म्हणाला, "मग निगेटिव्ह झालो असतो तर?" मी म्हटलं, "तर तुला रक्त द्यायला माणूस मिळाला नसता." तो इतका गोंधळला की मला त्याला समोसे खायला घालावे लागले. तिथून मला कळलं की लोकांना माहिती नाही, फक्त भीती आहे, आणि या दोन्हींच्या मधे कुणीतरी उभं राहायला हवं. संस्था काढणं शक्यच नव्हतं. मग आम्ही वाढदिवस काढले.

अल कुसैसला आमच्यातल्या दोघा प्लंबरांची खोली होती. शुक्रवारी दुपारी नमाज झाली, जेवणं झाली, की तिथे दहा-पंधरा जण जमायचे. कुणी विचारलं तर वाढदिवस आहे. केक खरा आणायचा, मेणबत्त्या खऱ्या. एकेकाचे वर्षात चार वाढदिवस झाले. बेकरीवाला केरळचा होता, एकदा केकवर नाव लिहिता लिहिता मला म्हणाला, "भाईसाब, ये शौकत बहुत जल्दी बुढ्ढा हो रहा है."

शौकत म्हणजे हाच. दापोलीकडचा, शारजात रोल्लाला एका शिंप्याच्या दुकानात कारागीर. तिशीचा, उंच, कानात अत्तराचा फाया, बोलताना हात असे हलवायचा की हवेतच कापड बेततोय. मला मावशी हे नाव त्यानेच दिलं. आमच्यात अशी नाती लावायची पद्धत होती, कुणी ताई, कुणी आपा, कुणी नणंद. मला मिशा, पोट, चष्मा, तरी मी सगळ्यांची मावशी. "मावशी आली, गप बसा गं साऱ्या," असं तो म्हणाला की वर्ग सुरू.

मी काय शिकवायचो? रोग कशाने होतो, कशाने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही. संबंध आल्यावर लगेच तपासून उपयोग नाही, तीन महिने जाऊ द्यावे लागतात. निरोध कसा वापरायचा हे दाखवायला प्लंबरांनी अर्धा इंची पाइपाचा तुकडा आणून दिला, त्यावर शौकत म्हणाला, "मावशी, पाऊण इंची आण, आमचा अपमान होतोय." हशा झाला. मला तो हशा हवाच असायचा, कारण हसणारा माणूस प्रश्न विचारतो.

सगळ्यात मोठी लढाई खोबरेल तेलाशी. कोकणातल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत सगळ्याला खोबरेल लागतं, आणि त्या कामालाही ते खोबरेलच वापरत. तेलाने रबर विरतं, निरोध फाटतो, हे मी चार वेळा सांगितलं. शौकत म्हणाला, "आमच्या आजीच्या काळापासनं खोबरेलाने कुणाचं वाईट झालं नाय." मग मी एक निरोध फुगवला, गाठ मारली, त्यावर बोटाने तेल चोळलं आणि घड्याळ पाहत बसलो. मिनिटभरात तो असा धाडकन फुटला की सगळे भिंतीला चिकटले. बाहेर पावलं वाजली आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाने दार ठोठावलं. "क्या हुआ भाई? सब ठीक?" एका प्लंबरने दार जरासं उघडून सांगितलं, "बड्डे है, फुगा फुटला." तो माणूस केकचा तुकडा घेऊन गेला. त्याचं दार लागेपर्यंत आमच्यातला एकही जण नीट श्वास घेत नव्हता. आम्ही हसायचो, केक खायचो, पण कान कायम जिन्याकडे. अशा अवस्थेत वर्षानुवर्षं काढली, म्हणून मला अजून दाराची बेल वाजली की आधी उभं राहावंसं वाटतं.

पण माहिती दिली तरी प्रश्न उरायचाच: स्वतःचं कळायचं कसं? त्यासाठी मी एक वाट काढली. माझ्याबरोबर शिकलेली नलू चिपळूणला स्वतःची लॅब चालवायची. आमचा माणूस सुट्टीवर गावी गेला की तिच्याकडे जायचा. ती नाव न लिहिता नंबर लिहायची. तपासणीत निघालंच तर त्याने परत यायचंच नाही, किंवा आला तरी मेडिकलच्या आधी स्वतः राजीनामा द्यायचा. गावात सांगायला कारण हातात राहतं, पेटी भरून, मित्रांना भेटून, आपल्या पायांनी विमानात बसता येतं. बरं करायचं औषध तेव्हा आमच्या कुणाच्या आवाक्यात नव्हतं. मी देऊ शकत होतो ते इतकंच.

अडचण अशी की निम्मे लोक रक्त द्यायचे आणि रिपोर्ट न घेताच पळून परत यायचे. मग नलूला मी बूथवरून फोन लावायचो आणि निकाल त्याला कळवायचो. फोन कुणी ऐकतं का, माहीत नव्हतं, पण आम्ही सगळे ऐकतात असं धरूनच बोलायचो. तेव्हा शौकतनेच युक्ती काढली. "मावशी, कपड्याची भाषा ठेव. शर्ट बसला म्हणजे काय नाय. शर्ट आटला म्हणजे आहे. माप देणं म्हणजे मेडिकल. शिंप्याच्या तोंडी कपडा, कुणाला संशय येणार गं?" सगळ्यांना आवडली. दोनेक वर्षं चालली पण छान. आठ-दहा शर्ट बसले, एक आटला, तो माणूस पेटी भरून, केक कापून, रडून, आपल्या पायांनी गेला.

मग शौकतचा स्वतःचा व्हिसा रिन्यू व्हायची वेळ आली.

त्याआधी तो दीड महिना सुट्टीवर गेला होता. बायकोबरोबर राहिला, चिपळूणला नलूकडे रक्त दिलं आणि रिपोर्टच्या दिवशी बसला विमानात. आला तेव्हा रमजान सुरू झालेला. रमजानात शिंप्याच्या दुकानात मरायला फुरसत नसते, सगळ्या शारजाला ईदचे नवे कपडे हवे असतात. शुक्रवारी सुद्धा काम. त्यामुळे तो कुसैसला आला नाही, फक्त दुकानातून एकदा घाईत फोन केला. "मावशी, मंगळवारी माप द्यायचं आहे. तू काय ते कळव. तुझा फोन नाय आला तर मी समजेन बसला."

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा धड ऐकलं नाही. तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं.

शनिवारी दुपारी नलूला फोन लावला. ती म्हणाली, "गज्या, आटलाय रे. दोनदा धुऊन बघितला." दोनदा म्हणजे तिने पुन्हा तपासून खात्री केली होती. मी बूथमध्ये तसाच उभा राहिलो, बाहेरचा माणूस काचेवर टकटक करेपर्यंत. मग लगेच शौकतच्या दुकानाचा नंबर फिरवला. फोन उस्मानमास्तरांनी उचलला. दुकान त्यांचं. लखनौकडचे, वयस्कर, सज्जन माणूस. मागे मशिनींचा आवाज, गिऱ्हाइकांचा गोंगाट.

"शौकत है?"

"डिलिव्हरी को गया है. बोलिए."

आता मिशीवाल्या आवाजात मावशी बोलतेय असं कसं सांगणार? मी म्हटलं, "उसको बोलिए, दुबई से गजूभाई का फोन था. शर्ट सिकुड गया है. बोलना नाप देने मत जाए, पहले मेरे को मिले."

मग मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "हमारी दुकान का शर्ट? सिकुड गया?"

"नहीं, मतलब, शौकत को मालूम है."

"शौकत को क्या पूछना, मास्टर तो मैं हूँ. आपको नाप देने आने की भी जरूरत नहीं. नया बना के देता हूँ, मुफ्त. नंबर क्या है आपका?"

माझ्या मागे त्या बूथबाहेर तीन माणसं उभी होती. मी काय बोललो? मी म्हणालो, "चालीस."

"खलास. और कहाँ भेजना है?"

मी क्लिनिकचा पत्ता दिला. वर पुन्हा एकदा म्हटलं, "लेकिन शौकत को जरूर बोलिए."

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

तो इन्शाल्ला मी पक्का निरोप म्हणून धरला. शनिवारी संध्याकाळी वाटलं, शारजाची टॅक्सी पकडावी. पण डबल ड्युटी होती. रविवारी वाटलं, त्याचा फोन येईलच. सोमवारी वाटलं, निरोप पोचला असणार, म्हणूनच तो फोन करत नाही, सावरतोय, आपण कशाला घाई करा. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. मनखूलहून रोल्लाला पाऊण तास लागतो. इफ्तारला दुकान बंद असतं, तेव्हा त्याला बाहेर बोलावता आलं असतं. मी गेलो नाही, कारण त्याच्या डोळ्यांत बघून ते सांगायची माझी छाती नव्हती. फोनवर शर्टाबद्दल बोलणं मला जमत होतं. ही भाषा आम्ही पोलिसांच्या भीतीने केली असं मी सगळ्यांना सांगायचो. मला ती आवडायची, कारण तिच्यामुळे मला कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

बारा दिवसांनी उस्मानमास्तर स्वतः क्लिनिकला आले. हातात कागदात गुंडाळलेला शर्ट. तो टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देरी के लिए माफ करना. मेरा कारीगर चला गया. मेडिकल में कुछ निकला उसका. दुबारा खून देने बुलाया और वहीं रख लिया. मैं चार बार गया, मिलने नहीं दिया. अब सुना है, भेज दिया इंडिया." मग त्यांनी शर्टाकडे बोट दाखवलं. "ये उसी ने सिया था आपका. सोमवार को."

मी त्यांना पाणी दिलं. माझ्याच्याने दुसरं काही झालं नाही. जाताना मास्तर म्हणाले, "पहन के देख लीजिए, कहीं तंग न हो." माणसाच्या भलेपणाचाही कधीकधी राग येतो. त्यांच्यावर तो काढायचा काही हक्क मला नव्हता.

कुसैसचे वाढदिवस बंद झाले. लोक घाबरले होते, शौकतकडून कुणाची नावं काढून घेतली असतील का या विचाराने कुणी एकमेकांना फोन करेना. त्याने एकही नाव सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं.

मेमध्ये आठवडाभराची सुट्टी मिळाली तेव्हा मी घरी सामान टाकलं आणि दापोलीची एसटी पकडली. त्याचं गाव खाडीच्या काठी. दार एका सडपातळ बाईने उघडलं. ही हमीदा, त्याची बायको. मी शौकत आहे का एवढंच विचारलं, तेवढ्यात माझा आवाज ओळखून तो आतून ओरडला, "मावशी आलीस?"

हमीदाने माझ्या खांद्यावरून मागे रस्त्यावर पाहिलं. मावशी दिसेना. मग माझ्या मिशांकडे पाहिलं.

"तुम्ही मावशी?"

"हो भाभी."

"या अल्ला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "सात वर्षं फोनवर ऐकते, मावशीकडे गेलो होतो, मावशीकडे जेवलो. मी समजत होते, शारजात बाई ठेवलीय यांनी." आणि ती चहा टाकायला गेली.

शौकत मागच्या पडवीत खाटेवर होता. बारीक झालेला, पण अत्तर कानात होतंच. कंपनी बंद पडली म्हणून परत आलो, असं त्याने घरात सांगितलं होतं. आल्यापासून पडवीत झोपत होता, उकडतं म्हणून. वस्तरा वेगळा ठेवत होता, आणि बायको जवळ आली की उठून मशिदीत जात होता. पाच महिने.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. फोन केला होता हे, मास्तरांनी उचलला हे, चाळीस नंबर सांगितला हे. आणि तीन संध्याकाळी हातात असून गेलो नाही हेही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तरनी मला सांगितलंन ना. दुबईच्या कुणा साहेबाचा शर्ट सिकुड गया, चालीस नंबर, नया बना. हातातली कात्री खाली ठेवली मी. मग म्हटलं, छे. आपला शब्द आटला आहे. हे सिकुड गया म्हणतायत. म्हणजे खरंच कुणाचा तरी शर्ट असेल." तो हसायला लागला. "मावशी, तू हिंदीत कशाला बोललीस गं?"

मलाही हसू आलं, आणि मग मी रडलो. मोठ्याने. त्याने मला हाताला धरून खाटेवर बसवलं. इतक्या दिवसांत मला कुणी बसवलं नव्हतं.

"शर्ट कुणाच्या नावाचा, ते तरी विचारायचंस," मी म्हटलं.

"रमजानात शिंपी नाव विचारत नाय. नंबर विचारतो." मग तो म्हणाला, "मी मंगळवारी काय खुशीत गेलो माहीत आहे? तुझा फोन नाय, म्हणजे बसला. तिथे लायनीत उभा राहून मी पुढल्या सुट्टीचं ठरवत होतो." आणि मग, "तिथे त्यांनीही नाय सांगितलं. अनफिट म्हणाले, खलास म्हणाले, गो इंडिया म्हणाले. कागद अरबीत. मला ठाऊक आहे गं काय आहे ते. पण अजून एकाही माणसानं मला तोंडानं सांगितलं नाय. तू सांग."

मी वर्षानुवर्षं हे शब्द शिकवले होते, पाइप हातात घेऊन. एका माणसाला समोर बसवून एकदाही म्हटले नव्हते.

"शौकत," मी म्हटलं, "तुला एचआयव्ही आहे."

त्याने मान हलवली. डोळे मिटले, उघडले. मग आत वळून हाक मारली, "हमीदा, इकडे ये. चहा राहू दे." ती हात पुसत आली. तो मला म्हणाला, "आता हिला सांग. मला जमत नाय."

मी तिलाही सांगितलं, त्याच शब्दांत. रोग काय, रक्तातून कसा येतो, संबंधातून कसा येतो. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने येत नाही. शर्टाचा निरोप कसा चुकला तेही सांगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बोलून झालं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शौकतकडे, मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ. काय ते तिला समजलं असणार. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते शौकतचं होतं, सांगायचं तर त्याने सांगायचं.

मग ती म्हणाली, "एवढंच बोलायचं होतं? यासाठी तुम्ही दोघं कपडे शिवत बसलात?"

"पाच महिने मी झुरतेय," ती शौकतला म्हणाली, "की माझ्यात काय वाईट झालं म्हणून हे बाहेर झोपतात." आवाज चढवला नव्हता तिने. मग तिने बांगड्या मागे सारल्या आणि हात माझ्यापुढे केला. "माझं काढा."

माझ्याकडे सुई नव्हती. असती तरी काढलं नसतं, घरात असलं काम करू नये. पण हिशोब मी मनात केला होता: शेवटचा संबंध सुट्टीतला, तीन महिने कधीच उलटले होते, म्हणजे तपासणीत येईल ते खरं येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे चिपळूणला नलूकडे गेलो. हमीदाची शीर मी बोटाने शोधली. गावाबद्दल विचारायला लागलो तर ती म्हणाली, "मला फसवू नका, मावशी. घाला सुई." मी घातली.

रिपोर्टला चार दिवस होते आणि माझं विमान तिसऱ्या दिवशी. मी तिकीट पुढे ढकललं. क्लिनिकच्या मॅनेजरने फोनवर नोकरी घालवायची धमकी दिली, त्याला मी इन्शाल्ला म्हणालो.

चौथ्या दिवशी नलूने कागद माझ्या हातात ठेवला आणि ती बाहेर गेली. शौकत बाहेर बाकावर बसला होता, आत यायचं नाही म्हणत होता. त्याने नंतर दोन वर्षं काढली. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळायला लागायच्या थोडं आधी गेला. पण तो पडवीतून घरात आला होता, हे मला माहीत आहे.

हमीदा माझ्यासमोर रक्त काढायच्या खुर्चीत ताठ बसली होती.

"भाभी," मी म्हटलं, "तुम्हाला नाही."

खुर्चीचा हात तिने धरून ठेवला होता. मग विचारलं, "आणि यांना?"

"शौकतला आहे."

"परत बोला."

मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पण परत बोला. माझ्या कानाला सवय झाली पाहिजे. घरात हे कुणी बोललं नाही तर हे पुन्हा बाहेर झोपतील."

मी परत बोललो. तिसऱ्यांदा तेच वाक्य ती माझ्याबरोबर बोलली.